दातांच्या माशासाठी दोर, तार व काठी : थोड्या खर्चात निवड कशी करावी

शेतीस जोड म्हणून मत्स्यसंवर्धनाची चर्चा शेतकरीवर्गात आता नवीन राहिलेली नाही. शेततळ्यात रोहू, कटला व मृगळ यांचे बीज कोणत्या महिन्यात सोडावे, त्यास खाद्य काय घालावे, ही माहिती बहुतेक ठिकाणी मिळू लागली आहे. परंतु ज्या गृहस्थास कामातून सवड काढून पाण्याच्या काठी बसावयाचे व गळाने घरापुरता एखादा मासा धरावयाचा आहे, त्याने दोर कोणता घ्यावा, काठी कशी पारखावी आणि त्यापायी पदरचे किती पैसे घालावे, ह्याचा विचार सहसा कोणी लिहून ठेवीत नाही. परिणामी नवखा मनुष्य दुकानात जातो, चकचकीत काठीवर भाळतो, जवळचे बहुतेक द्रव्य तिजवर खर्च करितो आणि दोर, तार व गळ ह्या गोष्टी उरलेल्या सुट्या पैशांत उरकून घेतो. पहिल्याच जातिवंत माशाच्या झटक्याने दोर तुटतो. मनुष्य हळहळत घरी येतो. मासा मात्र घशात गळ व मागे दहा हात दोर ओढीत पाण्यात फिरत राहतो, त्या दोराने झुडपात अडकतो व बहुधा मरतो. मनुष्याचे नुकसान पैशाचे, माशाचे प्राणाचे. हे दोन्ही टळावे, एवढ्याच हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहो.

आपल्या पाण्यातील शिकारी मासे

जालना जिल्हा हा दिनांक १ मे १९८१ रोजी स्वतंत्र झाला. त्याच्या दक्षिणेच्या शिवेवरून गोदावरी वाहते. पूर्णा, दुधना, कुंडलिका, गिरजा ह्या नद्या त्याच्या पोटातून जातात. घनसावंगी तालुक्यात जोगलादेवी, मंगरूळ व राजाटाकळी येथे गोदावरीवर उच्च पातळीचे बंधारे झाल्यापासून पात्रात लांबवर पाणी उभे राहते. निम्न दुधना धरणाची भिंत सेलूजवळ परभणी जिल्ह्यात असली तरी त्याचा फुगवटा परतूर तालुक्यात पसरला आहे. ह्याखेरीज गावोगावची लहान तळी, पाझर तलाव आणि अलीकडील शेततळी आहेतच. जिल्हा अवर्षणाचा खरा. सन २०१२ सालच्या दुष्काळात येथील मोसंबीच्या बागा वाळून गेल्या, तेथे माशांची काय कथा! तरीही एखाद-दुसरे चांगले पावसाळे झाले की पाणी पुन्हा जिवंत होते.

ह्या पाण्यात शाकाहारी व गाळ चिवडणारे मासे पुष्कळ. त्यांच्यासाठी साधा तंगूस व लहान गळ पुरे. प्रश्न येतो तो दुसऱ्यांना मारून खाणाऱ्या माशांचा. अशा तीन जाती आपल्या वाचकांस परिचित आहेत.

पहिली मरळ. डोके सापासारखे, अंगावर खवले, तोंडात पुढे टोकदार दात. ही हवा घेण्यासाठी वारंवार पाण्याच्या वर येते, म्हणून थोड्या पाण्यात व चिखलातही तग धरते. पुराच्या पाण्याबरोबर शेततळ्यात शिरली तर सोडलेले बीज खाऊन टाकते, आणि बाजारात मात्र तिला चांगला भाव येतो. दुसरा शिवडा, ज्यास काही गावी पहाडी म्हणतात. ह्याच्या अंगास खवले नसतात, तोंड कानापर्यंत फाटलेले असते, आणि जबड्यात बारीक दातांच्या दाट रांगा असतात. हा वाढला तर हातभराचा काय, पुरुषभर उंचीचाही होऊ शकतो. तिसरा शिंगाळा, मिशा असलेला आणि पाठीवर व कल्ल्यांजवळ कठीण काटा बाळगणारा. सन १८३९ साली कर्नल साइक्स ह्याने दख्खनच्या माशांचे वर्णन केले, तेव्हा ह्या माशास शास्त्रीय नाव देताना आपला मराठी शब्दच उचलला. आजही जगभर तो 'सीनघाला' म्हणूनच ओळखला जातो.

ह्या तिघांचे दात एका प्रकारचे नव्हेत, आणि साधनांची निवड येथूनच सुरू होते. मरळीचे दात सुळ्यासारखे असतात. ते दोरावर ओरखडा पाडितात. शिवड्याचे दात कानशीसारखे असतात. ते दोर एका घावात तोडीत नाहीत, पण दहा मिनिटांच्या ओढाताणीत घासून घासून त्याचा कापूस करितात. शिंगाळ्याच्या तोंडापेक्षा त्याच्या काट्याची धास्ती अधिक. त्या काट्याची कड करवतीसारखी असून दोर त्यावर घासला तर चिरतो, आणि हात लागला तर मनुष्यही चिरतो.

परदेशातील एक दाखला

उत्तर अमेरिकेतील मोठ्या सरोवरांच्या प्रदेशात मस्की नावाचा एक शिकारी मासा आहे. तो आपल्या शिवड्याच्या कुळातील नव्हे; परंतु लांबट अंग, चपटे तोंड व जबड्यात धारदार दात असा त्याचा थाट असल्याने नवशिक्यापुढे तीच अडचण उभी राहते. तो इतका क्वचित लागतो की दहा हजार वेळा गळ फेकावा तेव्हा एक मस्की मिळावा, असे तेथील लोक म्हणतात. इतक्या खटाटोपाने लागलेला मासा दोर तुटून जाऊ नये म्हणून तेथे ऐंशी पौंड ओढीचा विणलेला दोर वापरण्याचा प्रघात आहे, आणि गळाच्या आधी तारेचा किंवा जाड पारदर्शक दोराचा तुकडा जोडल्याशिवाय कोणी जाणता मनुष्य त्याच्या वाटेस जात नाही. ह्या तुकड्यास लीडर म्हणतात. तेथील जाडजूड साहित्य जसेच्या तसे येथे आणण्याचे कारण नाही. आपले मासे व आपले पाणी त्या मानाने लहान आहे. आणावयाचा तो त्यातील नियम.

आपल्याकडेही हा विषय हलका समजला जात नसे. ज्या कल्याणीच्या चालुक्यांची सत्ता एके काळी आपल्या मराठवाड्यावर होती, त्यांतील राजा सोमेश्वर तिसरा ह्याने सुमारे सन ११३० मध्ये 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचिला. त्यात मत्स्यविनोद नावाचे प्रकरण असून गळाने मासे धरण्याची कला तेथे राजाच्या करमणुकीत गणिली आहे.

खरेदी गळाकडून काठीकडे करावी

आता मुख्य गोष्टीकडे वळू. गळ, लीडर, कडी, दोर, रीळ, काठी व धरणारा हात ही एक साखळी आहे. साखळीची ताकद तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकीच असते, हे मोटेचा नाडा ज्यांनी पाहिला आहे त्यांस सांगावयास नको. परंतु येथे आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. सर्वच कड्या अभंग करणे कोणासही शक्य नाही. केव्हातरी एखादा मासा आपल्या साधनांपेक्षा बलवान निघणारच. तेव्हा तुटावयाचेच असेल तर ते आपण ठरविलेल्या जागी तुटावे, अशी योजना पाहिजे. ती जागा म्हणजे दोर व लीडर यांच्या सांध्याची गाठ. तेथे तुटले तर माशाबरोबर वीत-दीड वीत तुकडाच जातो आणि आपला सारा दोर आपणाजवळ राहतो. दोर मधेच तुटला तर मासा दहा हात फास बरोबर घेऊन जातो.

ह्यावरून खरेदीचा क्रम आपोआप ठरतो. प्रथम चांगले गळ व लीडर, मग दोर, मग रीळ आणि शेवटी काठी. दुकानदार हा क्रम बरोबर उलटा सांगतो, कारण काठीत नफा अधिक असतो. पण मासा काठीला लागत नाही; तो गळाला लागतो.

दोराची निवड

पूर्वी आपल्याकडे अंबाडी व ताग ह्यांच्या सुतळीचा, आणि श्रीमंतांकडे रेशमाचा दोर असे. सन १९३८ साली अमेरिकेत नायलॉन जगापुढे आले आणि अल्पावधीतच त्याचा एकपदरी धागा मासेमारीत रूढ झाला. हाच आपला तंगूस. आज बाजारात मुख्यतः दोन प्रकार आढळतात.

तंगूस स्वस्त असतो, पाण्यात फारसा दिसत नाही, खडकावर घासला तरी काही काळ टिकतो, आणि ताणला असता लांबतो. हे लांबणे नवशिक्यास उपकारक आहे, कारण माशाचा अकस्मात हिसका ते गिळून टाकते. दोष असे की भिजल्यावर त्याची शक्ती किंचित कमी होते, उन्हाने तो ठिसूळ होतो आणि रिळावर फार दिवस राहिला तर वेटोळ्याचे वळण सोडीत नाही. पत्र्याच्या शेडमध्ये टांगून ठेवलेला तंगूस पुढील हंगामात विश्वासाचा राहत नाही. तो दरसाल बदलावा.

दुसरा विणलेला दोर, ज्यास दुकानात ब्रेड म्हणतात. हा पॉलिथिलीनच्या अत्यंत बळकट तंतूंचा असतो. त्याच जाडीच्या तंगुसाच्या मानाने त्याची ताकद कितीतरी अधिक, आणि तो जवळजवळ ताणत नाही. म्हणून दूरवर माशाने आमिष नुसते चाचपले तरी हातास कळते. मरळ पाणकणसात शिरली तर तिला झटकन ओढून बाहेर काढण्यास हाच उपयोगी. दोष असे की तो महाग, दगडाच्या धारेवर लवकर कापला जाणारा आणि उघड्या हाताने ओढला तर बोट चिरणारा आहे.

नवशिक्याने काय घ्यावे? साध्या बांबूच्या काठीस ०.४० ते ०.४५ मिलिमीटर जाडीचा तंगूस घ्यावा. रीळ असेल तर तीस पौंडी, म्हणजे साडेतेरा किलो ओढीचा विणलेला दोर घ्यावा. सबंध रीळ महाग दोराने भरण्याचे कारण नाही. तळाशी जुना पण शाबूत तंगूस गुंडाळावा आणि वरचे शंभर मीटर तेवढे विणलेल्या दोराचे ठेवावे. असे केल्याने पैसा वाचतो, शिवाय विणलेला दोर गुळगुळीत चक्रीवर घसरतो तो दोषही जातो. हंगाम संपला म्हणजे हाच दोर उलटा करून भरावा. आतील कोरा भाग वर येतो व एका दोराचे आयुष्य दुप्पट होते.

पुड्यावर लिहिलेल्या आकड्यावर डोळे मिटून विश्वासू नये. दोराची पेवंडी दोन बोटांत धरून एकेक हात पुढे सारावी. कोठे खरखर लागली तर तो भाग कापून टाकावा. ह्याच खरखरीत जागी दोर मधेच तुटतो, आणि मग वर सांगितलेला सारा बेत फसतो.

लीडर : सर्वांत स्वस्त व सर्वांत महत्त्वाचा

मरळीसाठी तारेची गरज नाही. चाळीस ते पन्नास पौंडी जाड तंगुसाचा दीड फूट तुकडा पुरतो. फ्लुरोकार्बन म्हणून मिळणारा पारदर्शक दोर तंगुसापेक्षा अधिक घासणी सोसतो, तो परवडल्यास उत्तमच. शिंगाळ्यासाठीही तोच तुकडा चालेल. त्याचा काटा व तळाचे दगड ह्यांपासून त्यास जाडीच तारते.

शिवड्यासाठी मात्र तार पाहिजे. सात बारीक पोलादी तंतू पिळून त्यांवर नायलॉनचा लेप दिलेली तार मिळते. ती मऊ असते, गंजत नाही व लवकर पिळा धरीत नाही. तीस ते चाळीस पौंड ओढीची, सुमारे एक ते दीड फूट लांब असली म्हणजे पुरे. तयार लीडर विकत घेण्यापेक्षा तारेचे वेटोळे, पितळी नळ्या व फिरत्या कड्या आणून घरी बांधलेले स्वस्त पडतात. तार नळीतून घालावी, कडीच्या डोळ्यातून फिरवून त्याच नळीतून परत आणावी आणि नळी पकडीने दोन जागी दाबावी. नळीच्या अगदी काठावर दाबू नये. तेथे तार कापली जाते. एका टोकास फिरती कडी, दुसऱ्या टोकास गळ. फिरती कडी असल्याने मासा गिरक्या घेतो तेव्हा दोरास पीळ पडत नाही.

काटकसरीच्या पायी शेतावरील तारा वापरण्याचा मोह होतो, म्हणून हे स्पष्ट सांगतो. जळालेल्या मोटारीच्या वायंडिंगची तांब्याची तार मऊ असून ताणली जाते, ती नको. बांधकामाची बायंडिंग तार एकदा मुडपली की त्याच जागी मोडते, तीही नको. सायकलच्या ब्रेकचा तंतू ताठ व गंजणारा, तोही नको. दोन-तीन लीडरचा खर्च एका दिवसाच्या चहापाण्याइतका असतो. तेथे काटकसर करणे म्हणजे मेढ सोडून मांडवाच्या तोरणावर खर्च करण्यासारखे होय.

गळ एकेरी व मजबूत तारेचा घ्यावा, आणि त्याच्या टोकाजवळील उलटा काटा पकडीने दाबून सपाट करावा. दोर सैल पडू दिला नाही तर मासा सुटत नाही. आणि लहान मासा सोडून द्यावयाचा झाल्यास, किंवा गळ आपल्याच बोटात रुतल्यास, ह्याचा उपकार ध्यानात येतो.

गाठ व बादलीची परीक्षा

साधी निरगाठ मारली की दोराची शक्ती निम्म्याजवळ येते. तंगुसासाठी दोर कडीच्या डोळ्यातून घालून मोकळ्या टोकाने मुख्य दोरास पाच-सहा वेढे द्यावे, ते टोक डोळ्याजवळील लहान फाशातून काढावे, मग त्यामुळे झालेल्या मोठ्या फाशातून पुन्हा काढावे, थुंकीने ओले करावे आणि सावकाश आवळावे. कोरडी गाठ आवळली तर घर्षणाच्या उष्णतेने दोर तेथेच कच्चा होतो. विणलेल्या दोराची गाठ निराळी. तो दुहेरी करून डोळ्यातून घालावा, त्या दुहेरी दोराची सैल निरगाठ मारावी, उरलेल्या फाशातून सबंध कडी ओवून घ्यावी व मग ओढावे.

गाठ झाली की तिची परीक्षा घरीच करावी. दहा लिटर पाणी म्हणजे दहा किलो वजन, हा हिशेब सर्वांस ठाऊक आहे. साडेतेरा किलोच्या दोरास दहा लिटरची भरलेली बादली लीडरसकट बांधून निंबाच्या फांदीवरून जमिनीपासून वीतभर उचलावी. दोर हातास गुंडाळू नये, लाकडास गुंडाळावा. तोंड व पाय दूर ठेवावे. बादली टिकली तर साखळी खरी. पडली तर कोठे तुटले ते पाहावे. सांध्याच्या गाठीत तुटले असेल तर गाठ नीट मारण्यास शिकावे. दोर मधेच तुटला असेल तर तो दोर दुकानदाराचा आकडा कितीही मोठा असला तरी टाकून द्यावा. दोन तांबे पाण्याची परीक्षा शंभर रुपयांच्या शिफारशीहून खरी असते.

काठीची निवड

आता काठी. तिचे काम तीन प्रकारचे : आमिष इष्ट जागी टाकणे, माशाचा हिसका वाकून सोसणे, आणि दोर झुडपापासून उंच धरणे. ह्यासाठी फार किंमत द्यावी लागत नाही.

पहिली पायरी घरच्या बांबूची. भरीव, पेरे जवळजवळ असलेला, कीड न लागलेला दहा ते बारा फुटांचा बांबू निवडून महिना-दीड महिना सावलीत आडवा सुकवावा. उन्हात सुकविल्यास तो तडकतो. मग पेरे तासून विस्तवाच्या मंद आचेवर वाक काढावा व जवसाचे तेल दोन-तीन वेळा चोळावे. जवसाचे तेल वाळून कवच धरते, त्यामुळे पाणी आत शिरत नाही. दोर नुसत्या शेंड्यास बांधू नये. शेंड्यापासून मुठीपर्यंत काठीस लपेटत आणून मुठीजवळ पक्का करावा. शेंडा मोडला तरी मासा व दोर हाती राहतात. किलो-दोन किलोच्या मरळीस ही काठी पुरेशी आहे.

दुसरी पायरी रिळाच्या काठीची. काचतंतूची, म्हणजे फायबरग्लासची, दोन तुकड्यांची, सुमारे सात फुटांची व मध्यम-भारी जोराची काठी आपल्या कामास उत्तम. ती कार्बनाच्या काठीपेक्षा थोडी जड, परंतु बैलगाडीत, मोटारसायकलवर व पोरांच्या हातात टिकणारी असते. दुर्बिणीप्रमाणे एकात एक सरकणारी काठी नेण्यास सोईची खरी, पण तिचे सांधे मोठ्या माशापुढे दगा देतात. कार्बनाची काठी हलकी व तरतरीत; मात्र एकदा दगडावर आपटली की आतून चिरते व पुढे ऐन वेळी मोडते.

काठी घेताना दोन परीक्षा कराव्या. तिच्यावरील ज्या कड्यांतून दोर जातो, त्यांतून कापसाचा बारीक पेळू फिरवावा. कापूस कोठे अडकला तर कडीस चीर आहे असे समजावे. ती चीर दोर सोलून काढील. आपल्या जिल्ह्यात कापसास तोटा नाही, तेव्हा चिमूटभर खिशात घालून दुकानात जावे. दुसरी, काठी जोडून शेंडा जमिनीस टेकवून हळू वाकवावी. वाक शेंड्यापासून मध्यापर्यंत एकसारखा आला पाहिजे, एकाच जागी कोपरा पडता कामा नये.

रीळ मध्यम आकाराचे घ्यावे. त्यातील दोर ताणाखाली सोडणारी जी चकती असते, ज्यास ड्रॅग म्हणतात, ती गुळगुळीत सुटते की धक्के देत सुटते, एवढेच मुख्यतः पाहावे. दोन लिटर पाण्याची भरलेली बाटली दोरास बांधून काठीने उचलावी; बाटली जमिनीपासून सुटताच दोर हळूहळू सुटू लागेल इतपत चकती आवळावी. नवशिक्या ती मिठीसारखी आवळतो आणि माशास दोर तोडण्याची सवड देतो.

खर्चाची वाटणी

भाव दुकानागणिक व सालागणिक बदलतात, म्हणून आम्ही रकमा न देता प्रमाण देतो. रिळाची सामग्री घ्यावयाची असेल तर शंभरातील तीस दोरासाठी, वीस लीडर, कड्या, गळ व पकडीसाठी, तीस रिळासाठी आणि वीस काठीसाठी ठेवावे. ज्याची ऐपत नाही त्याने रीळ व काठी ही दोन्ही कलमे खोडून टाकावी, बांबू तोडावा आणि उरलेल्या अर्ध्यात उत्तम दोर व लीडर घ्यावे. त्याचे काही अडत नाही. ज्याने मात्र काठीवर सत्तर घातले, त्याच्या हाती दिमाख राहील. मासा राहील की नाही हे सांगवत नाही.

तळ्याचा काठ व वीज

येथवर पैशाचा विचार झाला, आता जिवाचा. कडवंचीसारख्या गावी पाणलोटाच्या कामाने व शेततळ्यांनी कायापालट झाला, हे सर्वश्रुत आहे. परंतु ज्या तळ्यास प्लास्टिकचे अस्तर आहे, तेथे गळ टाकणे हे अस्तराशी वैर करणे होय. तळाशी बसणारा शिसे लावलेला गळ अस्तरात रुतला व ओढला की अस्तर फाटते, आणि ऐन उन्हाळ्यात बागेचे पाणी जमिनीत जाते. तेथे तरंगणारे आमिष व उलटा काटा दाबलेला एकेरी गळ एवढेच वापरावे, किंवा जाळ्यानेच मासे काढावे. शिवाय ओल्या अस्तरावर पाय ठरत नाही आणि पडलेला मनुष्य वर चढू शकत नाही. गाठी मारलेला सोल काठावरील खुंटास बांधून पाण्यात सोडलेला असल्याशिवाय अशा तळ्यावर जाऊ नये. एकट्याने तर नाहीच, आणि मुलांना कदापि पाठवू नये. मासा गेला तर दुसरा येतो.

दुसरे संकट डोक्यावरचे. आपल्या पाण्याच्या काठी बहुधा पंप असतो, आणि पंप आला की विजेच्या तारा आल्या. कार्बनाची काठी विजेस तारेप्रमाणेच वाट देते. ओला बांबूही निर्धोक नव्हे. तारांपासून शंभर फुटांच्या आत काठी उभी धरू नये. मृगाच्या व परतीच्या पावसात ढग गडगडू लागताच काठी खाली ठेवून काठावरून निघून जावे. स्वस्त फायबरग्लासची काठी आम्ही सुचविली त्यास हेही एक कारण आहे, तरी ती हाती आहे म्हणून निष्काळजी राहू नये.

परवानगी व मर्यादा

नदीवरील बंधारे व तलाव ह्यांतील मासेमारीचा ठेका बहुधा भोई बांधवांच्या सहकारी संस्थांकडे असतो. त्यांनी बीज सोडलेले असते, त्यावर त्यांचा संसार चालतो. म्हणून प्रथम संस्थेस विचारावे व ती सांगेल ती फी द्यावी. त्यांच्याकडून मिळणारे ज्ञान त्या फीहून अधिक मोलाचे असते. सुरुंग व विष घालून मासे मारणे ब्रिटिश हिंदुस्थानात सन १८९७ च्या कायद्यानेच गुन्हा ठरले होते. आजही तो गुन्हाच आहे.

मरळीची नर-मादी पावसाळ्यात आपल्या पिलांच्या तांबूस थव्याची राखण करितात. थव्यावर गळ टाकला तर रागावलेली मरळ तत्काळ लागते खरी, पण तिच्यामागे ती शेकडो पिले इतर माशांचा घास होतात. असा मासा धरू नये. शिवड्याची गणना तर आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने असुरक्षित जातींत केली आहे. घरापुरता एक ठेवून बाकीचे ओल्या हाताने व पकडीने गळ काढून सोडावे. जिवंत बेडूक गळास लावण्याची चाल सोडून द्यावी. बेडूक पिकावरील कीड खातो. त्याच्या पायांची निर्यात आपल्या देशाने सन १९८७ मध्ये बंद केली. रबरी बेडूक थोड्या पैशात मिळतो, वर्षभर टिकतो, आणि मरळ त्यावर तितक्याच त्वेषाने झडप घालते. तुटलेला तंगूस काठावर टाकू नये. तो बगळ्याच्या पायास, वासराच्या खुरास व चाऱ्याबरोबर गाईच्या पोटात जातो. तो गुंडाळून घरी आणावा.

सारांश, दातांच्या माशामागे जाण्यास धनिक असावे लागत नाही. गळ व लीडर खात्रीचे, दोर तपासलेला, गाठ ओली करून आवळलेली व बादलीने पारखलेली असावी. काठी घरच्या बांबूची असली तरी चालेल. ज्याने खर्चाचा आरंभ माशाच्या टोकाकडून केला त्याचे पैसे थोडे लागतात, आणि त्याच्या हातून पाण्यात दुःख पेरले जात नाही. येत्या पावसाळ्यापूर्वी ज्यांस बांबू तोडावयाचा असेल त्यांनी तो आताच तोडून सावलीत टाकावा. पाणी येईपर्यंत तो तयार होईल.